कोल्हापूरच्या चित्रभूमीतून पायी



वसंत व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस इतिहासावर बोलण्यास सांगितले, तेव्हा त्यांच्या मनात औंढ्याचे नागनाथाचे देवालय, नर्सीचे नामदेव किंवा हिंगोलीची जुनी छावणी यांपैकी एखादा विषय असावा. या विषयांवर आमच्याहून अधिकाराने बोलणारी माणसे याच सभागृहात बसलेली आहेत. आमचे आयुष्य हमाल-मापाड्यांच्या युनियनमध्ये गेले. शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण वाचनालयात आणि मोर्च्यांत झाले. अशा माणसाने इतिहास सांगावयाचाच तर तो कामाच्या जागांचा सांगावा, असे आम्हांस वाटले. म्हणून आज आम्ही आपणांस कोल्हापुरात नेणार आहोत. आपल्यापैकी पुष्कळजण अंबाबाईच्या दर्शनास जातात, रंकाळ्यावर भेळ खातात, पन्हाळा पाहतात, चपला खरेदी करतात आणि परत येतात. त्याच शहरात, देवळापासून पायी जाता येईल एवढ्या अंतरावर, मराठी चित्रपटाचा जन्म आणि बालपण गेले. त्या जागा पाहण्यास गाडी लागत नाही. एक सकाळ आणि शाबूत पाय पुरतात.

परंतु जागा पाहावयाची म्हणजे काय पाहावयाचे? येथे प्रथम थोडे दूरचे सांगणे भाग आहे. फ्रान्समधील लिआँ शहरी लुमिएर बंधूंचा फोटोग्राफीच्या काचा तयार करण्याचा कारखाना होता. १८९५ साली त्यांनी स्वतःच्याच कारखान्याच्या दरवाजासमोर कॅमेरा उभा केला आणि सुटी झाल्यावर बाहेर पडणारे कामगार टिपले. जगातील अगदी पहिल्या चित्रपटांपैकी हा एक. लांबी पुरता एक मिनिटही नाही. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात हिंदुस्थानातला पहिला खेळ झाला, त्यातही तो दाखविण्यात आला. लिआँमधील त्या रस्त्यास आज 'पहिल्या चित्रपटाचा रस्ता' असे नाव आहे, आणि कारखान्याची ती जुनी शेड जतन करून ठेवलेली आहे. हे फार चांगले झाले. परंतु एक गोष्ट ध्यानात घ्या. कॅमेरा मालकाचा होता आणि तो दाराबाहेर ठेवलेला होता. कामगार बाहेर पडताना जगाने पाहिले. ते आत काय करीत होते हे पडद्यावर आले नाही. चित्रपटाच्या जागा पाहण्यास निघालेल्या माणसाने त्या दाराच्या आत शिरावे, एवढेच आमचे आजचे म्हणणे आहे.

काही वर्षांपूर्वी कामगारांच्या एका मेळाव्यासाठी आम्ही हिंगोलीच्या हळद बाजारातील वीस-पंचवीस हमालांसह कोल्हापुरास गेलो होतो. मेळाव्यानंतरचा दिवस मोकळा होता. सकाळी देवीचे दर्शन घेऊन आम्ही भवानी मंडपातून निघालो आणि पेठांच्या गल्ल्यांतून विचारीत विचारीत खरी कॉर्नरला आलो. तेथे चौकात कॅमेऱ्याचा मानस्तंभ उभा आहे. महाराष्ट्र फिल्म कंपनीची आणि तिच्या कर्त्या पुरुषाची, म्हणजे बाबूराव पेंटर यांची, ही आठवण होय. आम्ही माहिती सांगू लागलो, तेवढ्यात आमच्यातला एक जुना हमाल म्हणाला, "भाऊ, ह्या डब्याचं वजन किती आसंल? अन् गडावर शूटिंग झालं तर तिथवर नेला कोणं?"

मंडळी हसली. आम्ही मात्र हसलो नाही, कारण प्रश्न खरा होता. चित्रपटाच्या इतिहासावर आम्ही जी पुस्तके वाचली, त्यांत दिग्दर्शक, नट, नटी, सनावळ्या, सुवर्णपदके हे सगळे सापडते. ओझे कोणी वाहिले हे एखाद्या ओळीत आले तर आले. त्या दिवशीची आमची पुढली सगळी फेरी या एका प्रश्नाच्या मागे मागे झाली.

आता बाबूरावांविषयी. त्यांचे मूळ नाव बाबूराव कृष्णराव मेस्त्री. जन्म १८९०, मृत्यू १९५४. आडनावावरूनच ध्यानात येईल की हे कारागिराचे घर. सुतारकाम, लोहारकाम, मूर्तिकाम हे त्या घरात हातातून हातात येत होते. शाळेत त्यांचे शिक्षण फारसे झाले नाही. चुलतभाऊ आनंदराव आणि ते असे दोघे नाटक कंपन्यांचे पडदे रंगवीत, आणि त्या धंद्यावरूनच लोक त्यांना 'पेंटर' म्हणू लागले. चित्रपट काढावा ही ओढ दोघांनाही होती. परंतु विलायती कॅमेरा घेण्याची ऐपत नव्हती. १९१६ साली आनंदराव वारले. मग बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने यंत्राचा अभ्यास करून, एकेक भाग घडवून, कॅमेरा स्वतःच तयार केला. १९१७-१८ च्या सुमारास कंपनी उभी राहिली. तिचे भांडवल कोणा शेठजीने दिले नाही. तानीबाई कागलकर या गायिकेने दिले. म्हणजे, मराठी चित्रपटाचा हा कारखाना एका मिस्त्रीच्या हातांवर आणि एका गाणाऱ्या बाईच्या कष्टाच्या पैशावर उभा राहिला. शाहू छत्रपतींच्या कारकीर्दीत या गावात कारागिराला आणि कलावंताला मान होता, हेही त्याचे एक कारण होय.

या कंपनीचा पहिला चित्रपट 'सैरंध्री', फेब्रुवारी १९२० मध्ये पुण्यात झळकला. कीचकाच्या वधाचा प्रसंग इतका हुबेहूब वठला होता की प्रेक्षक घाबरून गेले आणि सरकारी तपासनिसांनी तो भाग कापावयास लावला. कीचकाच्या कथेला त्या काळी निराळाही अर्थ होता. खाडिलकरांच्या 'कीचकवध' नाटकावर सरकारने १९१० सालीच बंदी घातली होती. लोकमान्यांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली. ही हकीकत सर्वत्र सांगितली जाते. आम्हांस तीत एवढीच भर घालावयाची आहे, की सरकारला ज्या दृश्याचे भय वाटले ते रंगाऱ्याच्या आणि साचेकाराच्या हातचे होते. त्या वेळी ध्वनी नव्हता, आजच्यासारखी संगणकाची करामत नव्हती. लाकूड, माती, कापड आणि रंग एवढ्याच सामग्रीतून ते भय निर्माण झाले.

खरी कॉर्नरवरून खासबागेकडे जाता येते. शाहू महाराजांनी बांधलेले कुस्त्यांचे मैदान १९१२ चे आणि त्याला लागून असलेले पॅलेस थिएटर १९१५ चे. याच थिएटरला पुढे संगीतसूर्य केशवराव भोसले यांचे नाव देण्यात आले. ही जागा चित्रपटाची नव्हे, नाटकाची, हे खरे. परंतु चित्रपटाला माणसे पुरविणारी विहीर हीच. येथले पडदे रंगविणारे हात चित्रपटाचे पडदे रंगवू लागले, आणि आखाड्यातील पैलवानाची देहयष्टी ऐतिहासिक चित्रपटांतील मावळ्याला उपयोगी पडली. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री या नाट्यगृहास आग लागली आणि आतले लाकूडकाम भस्मसात झाले. दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती होती. कोल्हापूरची माणसे रस्त्यावर उभी राहून रडली. पुढे पुनर्बांधणीचे काम हाती घेण्यात आले. शंभर वर्षांपूर्वीच्या सुतारांनी केलेले काम पुन्हा करावयाचे तर ते काम येणारे सुतार आज किती उरले असतील, हा प्रश्न या निमित्ताने मनात आल्यावाचून राहत नाही.

पुढे कोटितीर्थ तलावाच्या बाजूस शाहू मिल. १९०६ साली स्थापन झालेली ही कापडाची गिरणी आता बंद आहे. चित्रपटाच्या जागांत गिरणी कशाला, असे कोणी विचारील. १९२५ साली महाराष्ट्र फिल्म कंपनीने 'सावकारी पाश' काढला. कथा नारायण हरी आपटे यांची. सावकार खोटे कागद करून शेतकऱ्याची जमीन बळकावतो आणि तो शेतकरी शहरात जाऊन गिरणी कामगार होतो, अशी ती कथा. तरुण शेतकऱ्याचे काम व्ही. शांताराम यांनी केले होते. पौराणिक चमत्कारांच्या त्या काळात कर्ज, कुळ आणि कारखाना हे पडद्यावर आणणारा हा चित्रपट होय. अंधाऱ्या झोपडीपुढे कुत्रे रडते, हे त्यातील दृश्य पाहणारांच्या मनात कायमचे राहिले. चित्रपटातली गिरणी म्हणजेच ही शाहू मिल, असे आम्ही म्हणत नाही. परंतु कोल्हापूरच्या कारागिराने गिरणीची कथा सांगितली तेव्हा त्याच्या गावात गिरणी चालू होती, तिचा भोंगा वाजत होता, आणि आसपासच्या खेड्यांतून माणसे तिच्या दारी येत होती. कथा हवेतून येत नाही.

या चित्रपटाचे महत्त्व समजावयाचे असेल तर आणखी पन्नास वर्षे मागे जावे लागते. १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांतून कर्जरोखे काढून जाळले, आणि ते लोण पुणे व नगर जिल्ह्यांत पसरले. त्यानंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. आमचा हिंगोलीचा मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता, आणि इकडच्या कुळाचा पाश निराळ्या नावाचा होता इतकेच. आजही सेनगाव, कळमनुरी भागातून ऊसतोडीला आणि पुण्या-मुंबईच्या बांधकामांवर माणसे जातात. ती का जातात हे त्या चित्रपटाने शंभर वर्षांपूर्वी सांगितले. हमालांना आम्ही मिलच्या भिंतीजवळ ही कथा सांगितली तेव्हा कोणी हसले नाही. एकजण हळूच म्हणाला, "आमच्या आज्याचंच सांगितलं की भाऊ तुम्ही."

येथे एक दुःखाची गोष्ट सांगणे प्राप्त आहे. १९२५ चा तो मूकपट आज पाहण्यास मिळत नाही. बाबूरावांनी १९३६ साली शालिनी सिनेटोनमध्ये तीच कथा बोलपटात पुन्हा काढली. परंतु पहिला 'सावकारी पाश' गेला. त्या काळची फिल्म नायट्रेटची असे. ती झटकन पेट घेई. पेटली नाही तर कुजून तिची भुकटी होई. शिवाय जुन्या फिल्मपेक्षा तिच्यातील चांदीला भाव अधिक, म्हणून जगभर कित्येक चित्रपट भंगारात गेले. महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या बहुतेक चित्रपटांची गत हीच झाली. ज्या 'कल्याण खजिन्या'ला १९२४ साली लंडनजवळच्या वेम्बली प्रदर्शनात पदक मिळाले, तोही पाहता येत नाही. अशा स्थितीत जागा हाच पुरावा उरतो. चित्रपट हाती असेल तर जागा गेली तरी काही कळते. चित्रपट गेला आणि जागाही गेली, तर मग नुसती नावे पाठ करावयाची.

महाराष्ट्र फिल्म कंपनीतून चार माणसे बाहेर पडली: दामले, फत्तेलाल, धायबर आणि शांताराम. सीताराम कुलकर्णी यांनी पैसा घातला आणि १ जून १९२९ रोजी कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी निघाली. या चौघांकडे जरा निरखून पाहा. शांताराम हे त्याआधी हुबळीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये काम केलेले आणि पत्र्याच्या थिएटरात पडेल ते काम केलेले. शेख फत्तेलाल हे कागलच्या कारागीर घरातले, रंगकामात तरबेज. दामले यंत्रात पारंगत. निरनिराळ्या जातिधर्मांची ही माणसे एकत्र आली ती कामामुळे. याच फत्तेलाल-दामल्यांनी पुढे पुण्यात १९३६ साली 'संत तुकाराम' काढला आणि व्हेनिसपर्यंत त्याचा गौरव झाला. मराठीतला पहिला बोलपट 'अयोध्येचा राजा' १९३२ सालचा, तो कोल्हापूरचाच. १९३३ साली प्रभात पुण्यास गेली. तिच्या त्या आवारात आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे. कारखाना गाव सोडून जातो तेव्हा काय होते हे कामगारांस सांगावे लागत नाही. मोठी माणसे पुण्यास गेली. परंतु ज्यांचे घर, शेत, म्हातारे आईबाप येथे होते त्या सुतार-रंगाऱ्यांचे काय झाले? त्यांतील कित्येकांना गावातच निघालेल्या दुसऱ्या स्टुडिओंचे दार गाठावे लागले असणार.

अशाच एका स्टुडिओच्या दारी आमची फेरी संपली. मंगळवार पेठेत, बेलबागेत जयप्रभा स्टुडिओ आहे. राजाराम महाराजांच्या आश्रयाने १९३३ साली निघालेली कोल्हापूर सिनेटोन ती हीच जागा. पुढे भालजी पेंढारकरांनी ती घेतली. पृथ्वीराज कपूर आणि त्यांचा तरुण मुलगा राज कपूर या दोघांनी भालजींच्या १९४६ च्या 'वाल्मिकी' चित्रपटात काम केले. १९४८ साली गांधीजींच्या खुनानंतर उसळलेल्या जाळपोळीत हा स्टुडिओ जळाला. भालजींनी कर्ज काढून तो पुन्हा उभारला आणि १९४९ साली 'मीठ भाकर' पडद्यावर आणला. त्यांची जिद्द थोर, यात वाद नाही. परंतु जळालेले सेट पुन्हा उभे केले ते करवतीने आणि हातोड्याने. पुढे १९६५ साली भालजींनी 'साधी माणसं' काढला. त्याचा नायक लोहार होता. राखेतून स्टुडिओ उभारताना ज्यांचे हात पाहिले, त्यांच्यापैकीच एकाला त्यांनी पडद्यावर आणले, असे आम्ही समजतो.

ही वास्तू पुढे लता मंगेशकर यांच्या मालकीची झाली. फेब्रुवारी २०२२ मध्ये तिची जागा विकली गेल्याची बातमी फुटली आणि कोल्हापूरचे कलावंत, तंत्रज्ञ व नागरिक आंदोलनास उतरले. मालकाला आपली मालमत्ता विकण्याचा हक्क आहे, हे कायद्याचे म्हणणे आम्हांस ठाऊक आहे. गिरण्यांच्या जमिनींच्या बाबतीत मुंबईच्या कामगाराने तेच ऐकले. परंतु जागेला किंमत आली ती केवळ मातीमुळे नव्हे. सत्तर-ऐंशी वर्षे तेथे माणसे राबली, म्हणून त्या जागेला नाव आले. त्या नावात त्यांचा वाटा आहे; तो सातबाऱ्यावर चढत नाही एवढेच.

कायद्याचा विषय निघालाच आहे, तर हिशेब करून टाकू. 'सैरंध्री' १९२० ची. चित्रपट कामगारांच्या निरनिराळ्या संघटनांचा महासंघ मुंबईत १९५६ साली झाला. चित्रपट कामगारांच्या नोकरीचे नियमन करणारा केंद्राचा कायदा झाला तो १९८१ साली. म्हणजे पहिल्या चित्रपटापासून एकसष्ट वर्षांनी. आमच्या हमाल-माथाडींचा कायदा महाराष्ट्राने १९६९ सालीच केला होता. ज्यांना अडाणी म्हणतात त्या ओझे वाहणाऱ्यांनी आपला कायदा बारा वर्षे आधी मिळविला, आणि झगमगाटात काम करणारे मागे राहिले. कारण उघड आहे. हमालाला आपण हमाल आहोत हे ठाऊक असते. स्टुडिओतील सुताराला मात्र तो कलेची सेवा करीत आहे असे सांगितले जाते, आणि सेवेला ओव्हरटाइम नसतो. कलेची सेवा तो करीत होताच. परंतु दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे त्याला कोणी सांगितले नाही.

कोणी म्हणेल, कलेच्या इतिहासात तुम्ही पगारपत्रक आणता. आम्ही म्हणतो, ते आधीपासून तेथे आहेच. जी. कांबळे यांचेच उदाहरण घ्या. कोल्हापूरचा हा चित्रकार. 'मुगल-ए-आझम'ची भव्य पोस्टर्स त्यांच्या कुंचल्यातून उतरली. ती पोस्टर्स पाहून लाखो लोक थिएटरकडे वळले. परंतु पोस्टर ही भिंतीवर चिकटवून पावसात भिजू द्यावयाची वस्तू, असेच सर्वांनी मानले. कांबळ्यांचे निदान नाव तरी राहिले. त्यांच्यासारख्यांच्या हाताखाली रंग कालवणाऱ्या आणि शिडी धरणाऱ्या मुलांची नावे कोठे आहेत?

तेव्हा आता करावयाचे काय? आमच्या मते तीन गोष्टी होण्याजोग्या आहेत, आणि त्यांना सरकारचे फार मोठे साहाय्य लागत नाही. पहिली अशी, की कोल्हापुरातील या प्रत्येक जागेवर साधी पाटी लागावी, आणि तिच्यावर मालक व दिग्दर्शकांबरोबर तेथे चालत असलेल्या कामांची नावेही असावीत: सुतार, लोहार, रंगारी, शिंपी, दिवेवाले, केशकर्तन करणारे, घोडे सांभाळणारे, ओझे वाहणारे. दुसरी अशी, की जयप्रभामध्ये 'साधी माणसं'च्या काळात कामास असलेली माणसे आज ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांच्याकडून ऐकून लिहून घेण्यास आता फार वर्षे उरलेली नाहीत. हजेरीपट, पगाराच्या पावत्या, कामावर काढलेले फोटो घरोघरच्या ट्रंकांत पडून असतील. ते गोळा व्हावेत. तिसरी गोष्ट आपल्या हातची आहे. यापुढे आपण देवीस जाल तेव्हा दुपारची गाडी सोडून संध्याकाळची धरा. भवानी मंडपातून खरी कॉर्नर, तेथून खासबाग, कोटितीर्थ आणि बेलबाग असे पायी चला. मुले बरोबर असतील तर त्यांना नटांची नावे सांगा, आणि मग आमच्या हमालाने विचारलेला प्रश्न त्यांना विचारा.

त्या प्रश्नाचे उत्तर आम्ही त्या दिवशी देऊ शकलो ते असे, की पन्हाळ्याच्या वाटेवर ओझे नेणाऱ्यांची नावे ग्रंथांत सापडत नाहीत. परंतु चित्रपट पडद्यावर आला, त्याअर्थी कोणी तरी ते नेलेच. प्रश्न विचारणाऱ्याचे तेवढ्याने समाधान झाले नाही. परतीच्या प्रवासात त्याने आम्हांस हिंगोलीच्या जुन्या अडत बाजारात वजनकाटा कोठे होता, पाला-पोती कोठे उतरत, पहिला संप कोणत्या झाडाखाली ठरला, हे सगळे सांगितले. आम्ही ते वहीत लिहून घेतले. आता युनियनच्या कचेरीत ती वही ठेवलेली आहे आणि येणारा-जाणारा म्हातारा हमाल तीत भर घालीत असतो. आपल्यापैकी ज्यांना या गावच्या जुन्या कामाच्या जागा ठाऊक असतील त्यांनी येऊन त्या सांगाव्यात, ही विनंती.